शितावरून भात, पण पिल्लावरून वंश नव्हे

मुधोळच्या कुत्र्याला अलीकडे बरे दिवस आले आहेत. २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले. पुढे भारतीय लष्कराने त्याची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचे नाव घेतले, आणि मग शहरांतल्या सदनिकांतूनही त्याला मागणी येऊ लागली. घटप्रभेकाठच्या, रन्न कवीच्या मुधोळचे नाव असे गाजावे याचा आनंद या अंकाच्या मराठी वाचकांना जेवढा, तेवढाच कन्नड वाचकांनाही होईल. जात जोपासणारे संस्थानिक मालोजीराव घोरपडे मराठे, ती पाळणारी रयत बहुतांशी कन्नड. तेव्हा निदान या कुत्र्यावरून तरी सीमावाद होऊ नये!

परंतु या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. हा कुत्रा चांगला, म्हणजे नेमका कशाने चांगला?

आज पिल्लू घेणारा काय पाहतो? निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय. फार तर बापाचे छायाचित्र मागतो आणि 'खाण तशी माती' म्हणून पैसे मोजतो. अंगकाठी पाहण्यात गैर काही नाही. खोल छातीत मोठे हृदय आणि फुप्फुसे मावतात, हे खरेच. पण अंगकाठी एवढेच सांगते की, हा कुत्रा धावू शकेल. तो धावेल काय, किती वेळ धावेल आणि दमल्यावर पुन्हा उठेल काय, हे ती सांगत नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक दम आणि दुसरी ओढ. दम हा शरीराचा गुण. हृदय, रक्त, स्नायू आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती यांवर तो अवलंबून. ओढ हा मनाचा गुण. समोरचे काम सोडवत नाही अशी वृत्ती. दम आहे पण ओढ नाही, असा कुत्रा दिवसभर मजेत हिंडेल, काम करणार नाही. ओढ आहे पण दम नाही, असा कुत्रा त्याहून वाईट अवस्थेत सापडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. ओढ दमाच्या पुढे धावली की उन्हाळ्यात तो उष्माघाताने जीवही गमावतो.

हा भेद कोठे लख्ख दिसत असेल तर रानडुकराच्या शिकारीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेक्सास, लुइझियाना, जॉर्जिया या राज्यांत रानडुकरांनी शेतीचा फडशा पाडला आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांपासून त्यांची सुरुवात झाली. तेथे त्यांची कुत्र्यांनी शिकार करणे कायदेशीर आहे आणि ती दोन प्रकारच्या कुत्र्यांत वाटलेली असते. पहिला माग काढतो, डुकराला गाठतो आणि समोर भुंकत उभा राहून त्याला जागीच अडवून धरतो. दुसरा शेवटी सोडला जातो व झडप घालून डुकराला पकडतो. खरी परीक्षा पहिल्याची. तो भित्रा असेल तर डुक्कर निसटते. अविचाराने अंगावर गेला तर सुळ्याने फाडला जातो. धन्याला पोहोचायला तास लागो की दोन तास, त्याने जागा सोडता कामा नये. मुरलेले शिकारी म्हणूनच वेग विचारीत नाहीत. कुत्रा डुकरापाशी किती वेळ टिकला, एकटा असताना टिकला की सोबत्यांच्या जोरावर, जखम भरल्यावर पुन्हा तेवढ्याच उमेदीने गेला काय, हे विचारतात. आता कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा कळवणारे पट्टे असतात. पण पट्टा किती मैल पळाला ते सांगतो. कामाचे किती पळाला आणि उगाच किती भटकला, ते पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

आता वंशाकडे येऊ. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली सारी शिते सारखीच शिजलेली असतात. एका वेतातली पिल्ले तशी नसतात. आपल्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी विद्यापीठात पहिला आला, तर आपण त्याचा सत्कार करू; पण महाविद्यालयाचा निकाल पाहायचा तर परीक्षेस बसलेल्या सर्वांचा पाहावा लागेल. कुत्र्याच्या घराण्याचेही तेच. एका नामांकित नराची कीर्ती ऐकून त्याचाच वापर सगळीकडे होतो, आणि त्याची किती पिल्ले नुसती बसून राहिली याची नोंद कोणी ठेवीत नाही. जो कामाला उतरला त्याचे नाव होते, जो उतरला नाही तो गुपचूप विकला जातो. शिवाय थोड्याच नरांवर भिस्त ठेवली की जवळच्या नात्यात पैदास होऊ लागते आणि ज्या दमासाठी हा खटाटोप केला तोच खालावतो. उलट, मंद दिसणाऱ्या पिल्लाचा दोष नेहमी रक्ताचाच असतो असेही नाही. पोटातले जंत, गोचीड-ताप, निकृष्ट खाणे यांनी भल्याभल्या वंशाचा कुत्रा चार पावलांत धापा टाकतो. आधी औषध, मग परीक्षा, हा क्रम चुकता कामा नये.

कामावरून वंश घडवता येतो याचा पुरावा अलास्कात आहे. तेथील बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे दिसायला एकसारखे नसतात. कोणाचे कान उभे, कोणाचे पडलेले. पैदास केवळ कामावर झालेली. त्यांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. इतक्या सरमिसळीनंतरही हे कुत्रे जनुकीयदृष्ट्या स्वतंत्र गट ठरले. त्याच अभ्यासात वेग, दम आणि कामाची वृत्ती हे तीन गुण वेगवेगळे मोजले होते, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. ती योग्यच होती, आणि कुत्र्याच्या परीक्षेसाठी सशाचा जीव घ्यावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. खानापूर भागात रानडुकरे उसात शिरतात हे खरे. पण त्याचा उपाय कायद्याच्या चौकटीतच शोधावा लागेल. तथापि बंदीबरोबर या कुत्र्याची परीक्षाही संपली आणि तिच्या जागी आपण दुसरी बसवली नाही. परीक्षा नसली की उरते ते रूप. बाजार रूपाला पैसे देतो, म्हणून पैदास रूपाची होते, आणि काही पिढ्यांत मुधोळचा सांगाडा उरेल, मुधोळ उरणार नाही. गेलेले रूप एक वेळ परत आणता येईल. गेलेली ओढ कोठून आणणार?

योगायोग असा की, त्याच १९७२ साली अमेरिकेत नजरेने शिकार हेरणाऱ्या कुत्र्यांसाठी एक संघटना निघाली. दोरीला बांधलेले फडके यंत्राने वळणावळणाने ओढायचे आणि कुत्र्याने त्याचा पाठलाग करायचा, अशा शर्यती ती भरवू लागली. रक्ताचा थेंब न सांडता धाव दिसते. ही सोय आपल्याकडे का नसावी? तिम्मापूरला पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, पाळणारे शेतकरी आहेत, आणि घड्याळ व वही घेऊन उभे राहायला प्राणिशास्त्राचे व संख्याशास्त्राचे विद्यार्थीही आहेत. थंडीच्या दिवसांत, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांची, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली परीक्षा व्हावी. धावेला किती वेळ लागला, धाप किती मिनिटांत ओसरली आणि विश्रांतीनंतर फडके दिसताच कुत्रा पुन्हा ताणून निघाला की नाही, एवढे लिहावे. मात्र एका वेतातली मिळतील तेवढी सर्व भावंडे आणावीत. हरलेल्यांचीही नोंद व्हावी.

कोणी म्हणेल, सदनिकेतल्या कुत्र्याला दम हवा कशाला? खरे आहे. पण मग जबर ओढीचे पिल्लू त्या घरी देऊ नये, हे कळण्यासाठी तरी परीक्षा हवी. साखळीला बांधलेली ओढ हा त्या मुक्या जनावराचा छळ आहे.

वंशावळीचा कागद म्हणजे परीक्षेस बसण्याचे प्रवेशपत्र. आपण मात्र त्यालाच गुणपत्रिका समजून चौकटीत लावीत आहोत.