पाठ केलेले भाषण

१ ऑगस्ट जवळ आला की आमच्या कळंबोलीत घराघरांतून एकच सूर ऐकू येतो : 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...' १९२० साली याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळांना एका दिवसात दोन भाषणे मिळतात. बहुतेक भाषणे आई किंवा ताई लिहून देते, मूल पाठ करते. टाळ्या पडतात. पण मुलाने स्वतः केलेले एकही वाक्य त्यात नसते.

गेली काही वर्षे मी दर शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांना लिहायला बसवतो. कुणाचे वडील लोखंड बाजारात, कुणाचे ट्रेलरवर. घरी कुठे भोजपुरी, कुठे कन्नड, कुठे अहिराणी. उद्देश्य आणि विधेय ही मुले बिनचूक अधोरेखित करतात. स्वतःचे वाक्य मागितले, की मात्र 'तसेच', 'असून', 'व' करत चार ओळी जातात आणि क्रियापद सापडतच नाही. मराठीत ते शेवटी येते; वाटेत विशेषणांची गर्दी झाली, की कर्ता कोण होता हेच मूल विसरते.

एकदा विषय दिला, आपला धारण तलाव. एका मुलीने लिहिले, 'हा तलाव निसर्गाची अनमोल देणगी असून कळंबोलीचे भूषण आहे.' अहो, तो सिडकोने केलेला! मी एवढेच विचारले : पाणी येते कुठून, जाते कुठे? घरी आजोबांना विचारून तिने पुन्हा लिहिले. 'आपली वसाहत सखल जागेवर आहे. पावसाचे पाणी तलावात येते. भरतीला दारे मिटतात. ओहोटीला पाणी खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यात पाणी होते.' वर्ग गप्प झाला. पाणी का तुंबते, हे त्यांना कुणी इतके सरळ सांगितलेच नव्हते.

हेच भाषण तिने एका स्पर्धेत केले. परीक्षकांच्या तक्त्यात पाठांतर, हावभाव, उच्चार असे रकाने होते. माहितीला रकाना नव्हता. बक्षीस अर्थातच दुसऱ्याला गेले.

दहावीचेही असेच झाले. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण बंद झाले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकाही नव्या होत्या, हे ओरड करणाऱ्यांनी फारसे लक्षात घेतले नाही. गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. पालक आणि शिक्षक टक्क्यांवर भांडले. त्या गुणांसाठी मूल नेमके काय बोलते, याची चौकशी फारशी कुणी केली नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हाही चर्चा मराठीच्या तासाचीच होती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मुलाला आयत्या वेळी घराजवळचा एखादा विषय द्यावा : नाला, रेशन दुकान, बसथांबा. दहा मिनिटे विचार, मग पाच वाक्ये, प्रत्येकात कोण आणि काय करतो ते. यासाठी नवे पुस्तक लागत नाही, शासकीय आदेशही लागत नाही. उद्या एखाद्या आईनेही भाषण लिहून देण्याऐवजी तीन प्रश्न विचारले, तरी सुरुवात होईल.