चुकला तो हात, की बाण?

बर्लिन येथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात जगज्जेते ठरले. आदिती त्या वेळी अवघी सतरा वर्षांची होती. असे यश पाहून एखाद्या घरच्या मुलाने वा मुलीने धनुष्याचा हट्ट धरला, तर नवल नाही. परंतु हट्ट पुरविल्यावर काही महिन्यांनी तेच मूल सायंकाळी हिरमुसले होऊन परतते आणि ‘माझा हातच चांगला नाही’ असे म्हणून धनुष्य कोपऱ्यात ठेवते, हेही पालकांना पाहावे लागते. अशा वेळी निवाडा करण्यापूर्वी बाणाचीही जबानी घ्यावी.

द्रोणाचार्यांनी शिष्यांना ‘काय दिसते?’ असे विचारले. अर्जुनाचा बाण सरळ होता की नाही, याची चौकशी त्या कथेत कुणी केलेली नाही! आपल्याला ती करणे भाग आहे. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह प्रकारात ७० मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. नेम मध्यापासून एका अंशाच्या विसाव्या भागाइतका ढळला, की बाण त्या वर्तुळाच्या कडेवर जातो. त्यातच बोटांनी सोडलेला बाण आपण समजतो तसा ताठ जातच नाही. प्रत्यंचेचा धक्का बसताच दांडा वाकतो, आलटूनपालटून दोन्ही अंगांना लवत धनुष्याशेजारून निसटतो आणि मग पिसे त्याला स्थिर करतात. प्रत्येक बाण सारखाच लवला, तरच सारे एका जागी पोहोचणार.

ही पारख करण्याचा मार्ग अगदी साधा आहे. प्रत्येक बाणावर क्रमांक घालावा, वहीत लक्ष्याची वर्तुळे काढावी आणि दर फेरीनंतर कोणता बाण कोठे लागला ते त्या क्रमांकाने मांडावे. आठ-दहा फेऱ्यांनंतर वही बोलू लागते. दर वेळी चार क्रमांकाचाच बाण उजवीकडे वर जात असेल आणि बाकीचे एकत्र असतील, तर हाताला बोल लावू नये. आज दोन, उद्या पाच, असे निरनिराळे क्रमांक भरकटत असतील, तर मात्र सराव वाढवावा. आणि सारे बाण एका पुंजक्यात, पण मध्यापासून दूर लागले, तर मूल रडवेले होते, जाणता शिक्षक मात्र मनात सुखावतो. कारण तेथे केवळ नेमदर्शक सरकवायचा असतो.

सगळाच संच धनुष्याला मानवतो की नाही, हे पाहण्यासाठी बिनपिसाचा बाण सोडतात. सुमारे अठरा मीटरवरून पिसांचे काही बाण मारून त्यांच्यासोबत पिसे काढलेला तसाच एक बाण मारायचा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो बाण पुंजक्याच्या डावीकडे गेला, तर दांडे फार ताठ. उजवीकडे गेला, तर फार लवचिक. वर गेला, तर प्रत्यंचेवर बाण लावण्याची जागा खाली आहे असे समजावे. मात्र ज्याचे पिसांचे बाणच अद्याप चहूकडे विखुरतात, त्याने या परीक्षेच्या नादी लागू नये. त्यातून गोंधळच वाढेल.

बाण उडताना तिरंदाजाने स्वतः पाहू नये. पाहण्याच्या उत्सुकतेने धनुष्याचा हात अकाली खाली येतो आणि बाण बिघडतो. ते काम मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने करावे. शेपूट डावी-उजवीकडे हलते की वर-खाली, हे भडक रंगाच्या पिसांमुळे चटकन कळते. आता मोबाइलवरील संथगती चित्रणाचीही मदत होते.

दोषी ठरलेला बाण लगेच टाकू नये. पीस उसवले आहे का, टोक सैल आहे का, प्रत्यंचेत बसणारी प्लॅस्टिकची खाच चिरली आहे का, हे पाहावे. खाच बदलल्याने वा किंचित फिरवल्यानेही पुष्कळदा बाण ताळ्यावर येतो. कार्बनच्या दांड्याची परीक्षा मात्र रोज, सोडण्यापूर्वीच व्हावी. दोन्ही टोके धरून तो अंगापासून दूर, हलकेच वाकवावा आणि कान द्यावा. किंचितही करकर ऐकू आली, तर तो बाण कितीही महागाचा असो, पुन्हा धनुष्याला लावू नये. सुटताना फुटलेल्या कार्बनच्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. असा दांडा तेथेच मोडून टाकावा, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही.