सिद्ध न झालेल्या व्यवसायात भांडवल किती?

सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाभोवती विद्यार्थी, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक यांची सतत वर्दळ असते. त्यांना घरगुती डबा पोहोचविणारे अ‍ॅप काढावे, असे वर्ध्यातील एखाद्या व्यापारी घरातील मुलास वाटले आणि त्याने वडिलांकडे २० लाख रुपये मागितले, तर वडिलांनी काय करावे? घरातील मुदत ठेव तेवढीच आहे आणि बहिणीचे लग्नही व्हायचे आहे.

दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. आयआयटी मुंबईच्या तरुणांनी २०१२ साली सुरू केलेल्या हाउसिंग डॉट कॉममध्ये डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे ९ कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. जाहिरातींवर मोठा खर्च झाला; परंतु उत्पन्नाचा मार्ग पक्का झालेला नव्हता. जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने संस्थापक-प्रमुखास दूर केले आणि २०१७ साली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. याउलट, पुण्यात कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून आरंभ केला. पुढे त्यांच्या बंधूंनी संगणकातील व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर तयार केले. क्विक हील या नावाने ते वर्षानुवर्षे विकले गेल्यावर, २०१० साली बाहेरची ६० कोटींची गुंतवणूक आली. तोवर ग्राहक दाम मोजतो, हे सिद्ध झाले होते.

अर्थात, प्रत्येक धंदा थोडक्यात सुरू होत नाही. औषधनिर्मिती वा कारखाना यांस आधीच मोठे भांडवल लागते. तरीही बँक घरबांधणीचे कर्ज एकरकमी देत नाही. पाया, जोते, छत असे काम पाहून टप्प्याटप्प्याने देते. हाच नियम येथे लावावा.

त्या मुलाने प्रथम एका डब्याचा हिशेब मांडावा. ग्राहकाकडून ८० रुपये येतात आणि अन्न, डबा व पोहोचविणे यांवर ९२ खर्च होतात, असे धरू. मग १०० डब्यांवर रोजचा तोटा १,२०० आणि १,००० डब्यांवर १२,००० रुपये. दर डब्यामागचा खर्च उतरल्याखेरीज विक्री वाढवून हा खड्डा भरत नाही, तो रुंदावतो. म्हणून वडिलांनी आरंभी २ लाख द्यावेत. सहा महिन्यांत सवलत बंद केल्यावरही ग्राहक टिकले आणि प्रत्येक डब्यामागे चार पैसे उरू लागले, तर पुढचा हप्ता द्यावा. लग्नाच्या रकमेस मात्र हात लावू नये.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात संग्रहाची मर्यादा आधीच ठरवितात. साहसातही तोट्याची मर्यादा आधीच ठरवावी. मुलाला नकार देणे म्हणजे सावधपणा नव्हे आणि सारी पुंजी हाती देणे म्हणजे माया नव्हे. रोज संध्याकाळी त्याची रोकडवही पाहावयास त्याच्याशेजारी बसणे, हे वडिलांचे पहिले भांडवल होय.