वचन उंबरठ्यापर्यंत यावे

नाताळाच्या मंगल पर्वावर आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनामंदिरांतून प्रवचने होतील. ग्रंथ पुरातन आणि श्रोता आजचा. हे अंतर कसे सांधावे, हा प्रश्न आमच्या कीर्तनकारांप्रमाणेच ख्रिस्ती उपदेशकांपुढेही आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील कथा पाहावी. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आणि मंदिरसेवक लेवी त्याला पाहून निघून गेले. थांबला तो एक शोमरोनी. ‘परोपकार करावा’ एवढाच बोध येथे काढला, तर कथेचे मर्म निसटते. यहुदी लोक शोमरोन्यांना तुच्छ लेखीत, हे उपदेशकाने प्रथम सांगितले पाहिजे. मग त्याने विचारावे : ज्याच्या हातचे पाणी घेण्यास आपण आजही कचरतो, तो कोण? या प्रश्नासरशी वचन श्रोत्याच्या उंबरठ्यावर येते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातील कथा मराठी ओवीत गुंफल्या. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग रचले. श्रोत्याची भाषा त्याचे कान उघडते. परंतु अंतःकरण उघडते ते अर्थाशी प्रामाणिक राहून विचारलेल्या प्रश्नानेच.

अर्थ सोडून केलेला उपदेश हे वक्त्याचे स्वतःचे मत होय. आचरणापर्यंत न पोहोचलेला अर्थ ही कोरडी विद्वत्ता होय. व्यासपीठ कोणत्याही धर्माचे असो, कसोटी हीच, असे आम्हांस वाटते.