फ्लॅश बंद, काजवे चालू!

बोनस हातात पडला की आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात फोटोग्राफीचा किडा वळवळायला लागतो. आणि मग ठरलेला प्रश्न: ‘डायरेक्ट फुल फ्रेमच घेऊ का रे?’ याचं उत्तर शोरूममध्ये शोधू नका. नगर जिल्ह्यात (म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात) शोधा. जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन उत्तरं मिळतील!

आधी फंडा क्लिअर करू. फुल फ्रेम म्हणजे जुन्या रोलच्या निगेटिव्हएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. साध्या डीएसएलआरमधला ‘क्रॉप’ सेन्सर याच्या निम्म्याहूनही लहान. मोठं पातेलं बाहेर ठेवलं की पाऊस जास्त साठतो ना, तसाच मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश जमा होतो. त्यामुळे त्याच पिढीच्या क्रॉप कॅमेऱ्यात आयएसओ १६०० ला जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढे इथे ३२०० च्या पुढे गेल्यावर दिसतात.

आता पहिलं टोक. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य, क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. लख्ख उन्हात, मोकळ्या माळावर काळवीट उभं असतं, पण लांब. इथे क्रॉपच बाजी मारतो. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी दिसते. तीच फ्रेम फुल फ्रेमवर हवी तर आणखी लांब, जड आणि महाग लेन्स घ्या. प्रकाश भरपूर आहे, मग अंधाराच्या मशीनला पैसे कशाला?

दुसरं टोक, अकोले तालुका. मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लुकलुकतात. फुल फ्रेमचा खरा कस लागतो तो इथे. ट्रायपॉड, एफ २.८ किंवा त्याहून उघडी वाइड लेन्स, आयएसओ १६०० च्या आसपास, २०-३० सेकंदांचं एक्स्पोजर, फाइल रॉ. फोकस उजेड असतानाच लावून मॅन्युअलवर टाका. असे पन्नासेक फोटो घेऊन घरी सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवले की झाड उजळतं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. निकॉनच्या डी३, डी८५० किंवा कॅननच्या ५डी मालिकेच्या बॉडीत फ्लॅशच दिलेला नाही. साधे कॅमेरे मात्र ऑटो मोडवर अंधार दिसला की टुणकन फ्लॅश उघडतात. त्या फ्लॅशने झाड काही उजळत नाही, समोरचं झुडूप तेवढं पांढरंफटक होतं. काजव्यांचं नुकसान मात्र होतं. ती लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. त्यात हेडलाइट, टॉर्च, मोबाइल यांचा झगमगाट झाला की ती खूण दिसत नाही, जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे घटतात.

म्हणून सेटिंग्ज आयएसओपासून नाही, इथून सुरू करा: फोटोनंतरचा रिव्ह्यू ऑफ, स्क्रीनचा ब्राइटनेस किमान, फोकसला मदत करणारा दिवा असेल तर बंद, कार्डाच्या चिमुकल्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी. वाट बघायला टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीन आणि झोत पायांशी. गाडी लांब लावा, दिवे बंद करा.

मग घ्यायचा की नाही? वर्षातून एकदाच काजवे बघणार असाल तर वीकेंडपुरता भाड्याने आणा. घ्यायचाच असेल तर कंपन्यांचा सगळा भर मिररलेसवर गेल्यामुळे जुन्या फुल फ्रेम डीएसएलआर सेकंडहँडमध्ये चांगल्या किमतीला मिळतात. शटर किती वेळा उडालंय ते तेवढं तपासा. पण एवढे पैसे मोजायचे ते कॅमेऱ्याला अंधारात दिसतं म्हणून. तेव्हा बॉस, अकोल्याच्या रानात उतरल्यावर अंधार तसाच राहू द्या!