बाटलीवरचं हिरवं पान

आमच्या खालाला नमाजच्या रकाती मोजता येईनाशा झाल्या, तिथून हे सुरू झालं. जोहरला उभी राहायची आणि सलाम फेरल्यावर विचारायची, "बेटा, तीन झाल्या का चार?" मग चहात साखर दोनदा पडू लागली. मग मला ती माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली आहेत.

घरात सगळ्यांचं एकच, सत्तरीला आली, बुढापा आहे. मी बीएड झालेला, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर. मी काय केलं? नागपूर-अमरावती महामार्गावरच्या एका दुकानातून बाटली आणली. बाटलीवर हिरवं पान, खाली मेंदूचं चित्र, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू. सहाशे पन्नास रुपये, महिन्याला एक. दुकानदार म्हणाला, "मास्तर, जडीबुटी आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान नाही." चौदा महिने दिली. 9,100 रुपये झाले. पैशाचं दुःख नाही, ते चौदा महिने गेले त्याचं आहे.

चौदाव्या महिन्यात, मे महिन्यात, कारंज्याच्या उन्हात कावळासुद्धा सावली सोडत नाही तेव्हा, खाला गोधडी घेऊन बसली होती. थंडी वाजते म्हणे. आवाज जड झाला होता, चेहरा सुजलेला, पोट साफ होत नव्हतं. नर्सिंग शिकणारी माझी भाची सुटीत आली होती. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "मामू, नानीचा थायरॉईड कधी तपासला?" कधीच नाही. रक्त दिलं, रिपोर्ट आला, थायरॉईड जवळजवळ बंद पडलेला. त्या तपासणीचा खर्च एका बाटलीपेक्षा कमी होता.

विसरण्याचं कारण प्रत्येक वेळी अल्झायमरच असतं असं नाही. थायरॉईड मंदावला, ब 12 जीवनसत्त्व कमी पडलं, माणूस खोल उदासीत गेला, पडून डोक्यात हळूहळू रक्त साचलं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चुकीच्या चालू राहिल्या, तरी माणूस विसरतो. यातलं पुष्कळ वेळेत सापडलं तर बरं होतं किंवा निदान थांबतं. बाटली नेमका तो वेळ खाते. "नुकसान नाही" म्हणणाऱ्याला मी हे नुकसान दाखवतो. बाटलीतल्या पाण्याने पोट दुखलं नसेल, पण त्या पाण्याने मला चौदा महिने दवाखान्यात जाऊ दिलं नाही.

हे मी स्टाफरूममध्ये बोललो तर दोन बाजूंनी अंगावर आले. एक म्हणाले, तुम्ही आपल्या हिकमतीवर बोट ठेवता. दुसरे म्हणाले, तुम्ही आमच्या आयुर्वेदाला नावं ठेवता. मला हसू आलं. बाटली तीच, फक्त लेबल उलटसुलट! एरवी एकमेकांच्या सणाला डबा पाठवताना विचार करणारे लोक इथे मात्र एका रांगेत उभे.

हिकमतीचीच गोष्ट करू. नववं शतक, बगदाद. अल-बलाजुरी नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. त्याचं हे नाव आलं बलाजुर या फळावरून. बलाजुर म्हणजे आपला बिब्बा. विदर्भात कोणाला सांगायला नको, बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कसं उततं ते. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तोच वापरत. त्या काळी बिब्बा स्मरणशक्तीचं नामांकित औषध होता. चरित्रकार लिहितात की बलाजुरीने तो घेतला, त्याची अक्कल गेली आणि त्यातच 892 च्या सुमारास तो मेला. काही जण ही हकीकत त्याच्या आजोबांची सांगतात. कोणाचीही असो, औषध वनस्पतीचं होतं, ग्रंथातलं होतं, आणि ते "नुकसान नाही" या जातीचं नव्हतं. ज्यात असर आहे त्यात अपाय करायचीही ताकद असते. अजिबात अपाय नाही असं कोणी छातीठोक सांगत असेल तर असरही नसावा, असं मी समजतो.

आता ब्राह्मी. नाव एक, झाडं दोन. कोणी ओल्या जागी वाढणाऱ्या नीरब्राह्मीला ब्राह्मी म्हणतो, कोणी मंडूकपर्णीला. दोन्हीचं कूळ वेगळं, आतली द्रव्यं वेगळी. शंखपुष्पीचं तर विचारू नका. चरकाने मेध्य रसायनांत तिला सगळ्यात वर ठेवलं, पण आज या नावाखाली वेगवेगळ्या प्रांतांत निदान चार वनस्पती विकल्या जातात, त्यात कुंपणावरची गोकर्णही आली. मग पाच हजार वर्षांची परंपरा म्हणून छाती फुगवणाऱ्याला विचारावंसं वाटतं, परंपरा कोणत्या झाडाची?

मी झाडपाल्याचा शत्रू नाही, हेही सांगतो. नीरब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बरंच काम झालं. ऑस्ट्रेलियात 2002 साली 40 ते 65 वयाच्या 76 धडधाकट माणसांना तीन महिने ब्राह्मी देऊन पाहिली, तेव्हा नवं शिकलेलं ते जरा कमी विसरले. ठीक आहे, चांगली गोष्ट आहे. पण ती माणसं निरोगी होती. त्यावरून माझ्या खालाच्या बाटलीवर "विस्मरणावर रामबाण" असं छापायचं म्हणजे चौथीतल्या पोराने पाढे म्हटले म्हणून त्याला दहावी पास करण्यासारखं आहे.

जिंको नावाच्या झाडाचं उदाहरण घ्या. जगभर त्याच्या पानांच्या गोळ्या स्मृतीसाठी खपतात. अमेरिकेत 75 वर्षांवरच्या 3,069 लोकांना दोन गटांत वाटून अर्ध्यांना जिंको, अर्ध्यांना दिसायला तशीच पण नुसती गोळी, अशी सहा वर्षं दिली. निकाल 2008 मध्ये आला. नुसत्या गोळीच्या गटात 246 जणांना स्मृतिभ्रंश झाला, जिंकोच्या गटात 277 जणांना. म्हणजे काडीचा उपयोग झाला नाही. हे कळायला सहा वर्षं आणि तीन हजार माणसं लागली. आपल्या दुकानदाराला "शेजारच्या काकूंना फरक पडला" एवढं पुरतं.

उलट उदाहरणही आहे. गॅलँटामाइन हे औषध हिमपुष्पाच्या जातीतल्या फुलझाडांतून निघालं, बल्गेरियात 1950 च्या दशकात त्यावर काम झालं, आणि 2001 पासून अमेरिकेत अल्झायमरसाठी डॉक्टर ते लिहून देतात. रोग ते बरा करत नाही, काही काळ थोडं सावरतं, आणि तेवढंच सांगून दिलं जातं. अल्झायमर बरा करणारं औषध आजही कोणाकडे नाही, ॲलोपॅथीकडेही नाही. याच रिकाम्या जागेत बाटलीवाला दुकान मांडतो. डॉक्टर "बरं होणार नाही" म्हणतो म्हणून तो दगडाच्या काळजाचा वाटतो, आणि बाटलीवाला "होईल" म्हणतो म्हणून आपला वाटतो.

डॉक्टर लुटत नाहीत का? लुटतात, मी पाहिलं आहे. पण एका चोराने खिसा कापला म्हणून दुसऱ्याच्या हाती पाकीट द्यायचं हा कुठला न्याय?

हिकमतीचा अभिमान असणाऱ्यांनी हकीम अजमल खानांकडे जरूर पाहावं. दिल्लीच्या त्यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन 1921 मध्ये गांधीजींनी केलं. त्या भाषणात गांधीजींनी आधुनिक वैज्ञानिकांच्या संशोधनवृत्तीला मान दिला आणि आपल्या वैद्य-हकिमांत ती दिसत नाही अशी तक्रार केली. पुढे ज्यांचा आश्रम आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला झाला, ते गांधी. ॲलोपॅथीचे काही भक्त नव्हते! हकीमसाहेबांना त्याचा राग आला नाही. त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाला बोलावून वनस्पती तपासायला लावल्या. सिद्दीकींनी 1931 मध्ये सर्पगंधेतून द्रव्य वेगळं काढलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधा वापरून 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष छापले, आणि जगाने त्या मुळीची दखल घेतली. हकीम, रसायनशास्त्रज्ञ, पारशी डॉक्टर. पुढे याच मुळीतल्या एका द्रव्याने काही रुग्णांना उदासी येते असं दिसलं, तर तेही लपवलं नाही. आज आपल्या बाटलीवर नावं हकिमांची आणि वैद्यांची, पण ही तपासायची हिंमत कुठे आहे?

बाटलीत काय असतं, हे तरी आपल्याला ठाऊक असतं का? 2004 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतून 70 आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तर 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं मेंदूवरच घाव घालतं. आठवणीसाठी घ्यायचं आणि आठवणच घालवायची.

कायदा काय करतो? औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये कोणत्या दाव्यांनी औषध विकू नये याची यादी आहे, त्यात मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणं सरळ लिहिलेलं आहे. जाहिरातबंदीविरुद्ध हमदर्द दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने 1959 मध्ये कायद्यातला काही भाग रद्द केला, पण अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य हे काही मानलं नाही. आयुर्वेद-युनानीच्या जाहिरातींना वेसण घालणारा नियम 170 हा 2018 मध्ये आला आणि 2024 मध्ये आयुष मंत्रालयानेच तो काढायची अधिसूचना काढली, त्यावर कोर्टात ओढाताण झाली. इकडे बाजारात मेंदूचं चित्र तसंच आहे.

माझ्या वर्गात तर जानेवारी लागली की दहावीच्या पोरांच्या आया येतात. "सर, याला पाठ होत नाही, कोणतं टॉनिक देऊ?" हिफ्ज करणाऱ्या पोरांचे अब्बा बदाम-मनुके भिजवून देतात, ते द्या, खाण्याचीच वस्तू आहे. पण जो पोरगा रात्री एकपर्यंत मोबाइल पाहतो, सकाळी चहा-टोस्टवर शाळेत येतो आणि फळ्यावरचं ज्याला दिसत नाही, त्याला बाटली कशाला? एकीला मी म्हटलं, ताई, आधी डोळे तपासा. ती जरा नाराज झाली. चष्मा लागला. पाठांतर अजूनही बेताचंच आहे, खोटं कशाला सांगू.

भारतात 60 वर्षांवरच्या 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा 2023 चा अंदाज आहे. बायकांमध्ये जास्त, न शिकलेल्यांमध्ये जास्त, खेड्यांत जास्त. म्हणजे आपल्याच अम्मी, खाला, आजी. 2024 मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने सांगितलं की जगातला 45 टक्के स्मृतिभ्रंश चौदा कारणांशी जोडलेला आहे, आणि त्यांवर काम केलं तर तो टळू शकतो किंवा लांबू शकतो. त्यात कमी शिक्षण आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा आहे. आपल्या मोहल्ल्यात किती म्हाताऱ्यांच्या कानाला यंत्र आहे? मोतीबिंदू पिकूनही "आता काय करायचं बघून" म्हणत किती जण बसले आहेत? मशिदीच्या आवारात सरबत वाटायला आपण वर्गणी काढतो, तशी बीपी-शुगर तपासायलाही काढता येईल. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. मी खालाला तिथे चौदा महिने आधी नेऊ शकलो असतो. माझ्याकडे मोटरसायकल होती.

खाला आता फज्रच्या आधी उपाशीपोटी एक छोटी पांढरी गोळी घेते, रमजानमध्ये सेहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून. गोधडी गेली, आवाज मोकळा झाला, रकाती पुष्कळदा बरोबर येतात. सगळं परत आलं नाही. मला अजून कधीकधी भावाच्या नावाने हाक मारते आणि मग स्वतःच थांबते. परवा विचारत होती, "ती हिरव्या पानाची बाटली कुठे ठेवलीस? चांगली होती, गोड लागायची." रिकामी बाटली फडताळात आहे. त्यात तिने खोबरेल तेल भरून ठेवलंय.