मेंदूतले कोलेस्टेरॉल वेगळे, रक्तातले वेगळे

‘डॉक्टर, मेंदूला तर कोलेस्टेरॉल लागतं म्हणतात. मग ही गोळी खाऊन विसराळूपणा नाही का येणार?’ घाटीच्या ओपीडीत हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा गोळी आधीच बंद केलेली असते. त्यात लकवा होऊन गेलेले रुग्णही असतात, ही खरी काळजीची बाब.

मोबाइलवर फिरणाऱ्या या मजकुरातले अर्धे खरे आहे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा तिथे असतो. विजेच्या तारेला प्लॅस्टिकचे आवरण असते तसे मज्जातंतूंना मायलिनचे. मेंदूतले बहुतेक कोलेस्टेरॉल या मायलिनमध्येच असते.

पण ते ताटातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत आहे. रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण ती सहसा ओलांडत नाहीत. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो आणि दीर्घकाळ जपून वापरतो. म्हणून जास्त तूप खाऊन स्मरणशक्ती वाढत नाही आणि रक्तातले एलडीएल उतरले म्हणून मेंदू उपाशीही राहत नाही. (दोन वर्षांखालच्या बाळाचे तूप मात्र या लेखाचा दाखला देऊन कुणी बंद करू नये. त्याला ते हवे असते.)

रक्तातले वाढलेले एलडीएल मेंदूचे नुकसान करते ते रक्तवाहिन्यांमधून. मानेतल्या आणि डोक्यातल्या वाहिन्यांच्या भिंतीत थर साचतो, त्यावर गुठळी धरते आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो. मध्यमवयात वाढलेल्या एलडीएलला ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत धरले.

आता गोळीबद्दल. स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विस्मरणाचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने तो 2012 मध्ये घालायला लावला. पण अशा तक्रारी थोड्या होत्या, गंभीर नव्हत्या आणि गोळी थांबवल्यावर गेल्या. याउलट, ब्रिटनमध्ये 20,536 जणांना सुमारे पाच वर्षे खरी किंवा खोटी गोळी देऊन केलेल्या चाचणीत दोन्ही गटांची स्मरणशक्ती सारखीच निघाली. खरी गोळी घेणाऱ्यांत लकवा मात्र चतुर्थांशाने कमी झाला. काहींचे स्नायू दुखतात. तेव्हा डॉक्टरांना सांगावे, डोस किंवा औषध बदलता येते.

रक्तवाहिनी तुंबून लकवा झालेल्यांत एलडीएल साधारण 70 च्या खाली ठेवायचे असते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की गोळी संपली असे समजणारे पुष्कळ आहेत. तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळेच. आणि खरोखर विसरायला होत असेल, तर गोळीला दोष देण्याआधी बी-12, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. झोप कशी लागते, मन उदास असते का, हेही डॉक्टरांना सांगा.